गांधीलमाशी, मी आणि ॲड्रेनालिनचं पेन

"गांधीलमाशीनं मला मारलंच होतं, असं तुम्ही सगळ्यांना सांगत असाल," जळगावचे डॉक्टर म्हणाले. "तसं नाही. माशीचं विष चिमूटभरसुद्धा नव्हतं. मारायला घेतलं होतं ते तुमच्या स्वतःच्या शरीरानं."

मी आणि माझे यजमान सुभाषराव त्यांच्या टेबलासमोर बसलो होतो. माझ्या मानेवरची सूज अजून उतरली नव्हती. मी पहूरच्या शाळेत शिक्षिका. पोरांना शरीरशास्त्राचे धडे शिकवणारी. आपलंच शरीर आपल्यावर उठतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, ॲनाफायलॅक्सिस. मग समजावून सांगितलं. ज्या गोष्टीची ॲलर्जी आहे ती अंगात गेली की शरीर तिला शत्रू समजून सगळ्या बाजूंनी तुटून पडतं. अंगावर गांधी उठतात, घसा आतून सुजतो, श्वासनळ्या आवळतात, रक्तदाब कोसळतो. हे सगळं काही मिनिटांत होतं. त्यावर पहिलं औषध एकच, ॲड्रेनालिनचं इंजेक्शन. बाकीची औषधं नंतरची.

माझ्या बाबतीत चार दिवसांपूर्वी हेच झालं होतं. रविवार होता. केळीच्या बागेत मजूर वाळकी पानं कापत होते, मी त्यांचा चहा घेऊन गेले. पानांखाली गांधीलमाश्यांचं पोळं होतं. एकच माशी मानेला चावली.

लहानपणी मला गांधीलमाशी चावलेली होती, नुसती सूज आली होती. म्हणून मी हसले. कुणी चावलेल्या जागेवर कोयता घासला, कुणी चुना लावला. तेवढ्यात तळहात, तळपाय खाजायला लागले. ओठ जड झाले. आवाज घोगरा झाला. आणि मग एक भावना आली, ती मी आजही विसरू शकत नाही. आता आपण संपलो, अशी. दुखत नव्हतं, पण खात्री होती. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, ही भावना हेही या आजाराचं लक्षणच. कुणी असं म्हणालं तर त्याला घाबरट म्हणू नका.

ट्रॅक्टर यायला वीस मिनिटं लागली. गावच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला बघताक्षणी इंजेक्शन दिलं, म्हणून मी हे लिहिते आहे. संध्याकाळी मी उठून बसले, चहा प्यायले, आणि तासाभरात अंगावर पुन्हा गांधी उठल्या. पुन्हा इंजेक्शन. एकदा बरं वाटलं म्हणून घरी पळायचं नसतं, हे तिथे कळलं. मग जळगाव. ईसीजी, रक्त, लघवी, छातीचा फोटो. दोन दिवस बाकावर बसून नंबर लावले. सगळे रिपोर्ट नॉर्मल. नॉर्मल माणूस असा मरू शकतो, याचाच धक्का जास्त होता.

"पुढच्या वेळी किती मिनिटं मिळतील ते मी सांगू शकत नाही," डॉक्टर म्हणाले. "इंजेक्शन घरातच पाहिजे."

त्यांनी काचेच्या कुप्या आणि सिरिंज दिली. सुभाषराव कच्च्या केळ्यावर टोचायचा सराव करत. पण कुपी फोडताना औषध निम्मं सांडायचं. डॉक्टरांनी वाचलं होतं की परदेशात याचं तयार पेन मिळतं, ऑटोइंजेक्टर म्हणून. औषध आत भरलेलं असतं, दाबलं की सुई आपोआप बाहेर येते. त्यांनी स्वतः ते पाहिलेलं नव्हतं. माझा मावसभाऊ अमेरिकेत डॉक्टर आहे. त्याला चिठ्ठी पाठवली. चार महिन्यांनी कुणाच्या तरी सामानातून दोन पेनं आली.

लिहायच्या जाड पेनासारखी नळी. एका टोकाला राखाडी टोपण, दुसरं टोक काळं. टोपण काढायचं, काळं टोक मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कपड्यावरूनच, जोरात दाबायचं. टक्क आवाज होतो. दहा अंक मोजेपर्यंत धरून ठेवायचं. मग आडवं पडायचं, पाय वर, आणि ताबडतोब दवाखाना. मी हे मराठीत मोठ्या अक्षरात लिहिलं आणि फडताळाच्या दारावर चिकटवलं. पेनं उन्हापासून लांब, फडताळात आत ठेवली.

घरात आम्ही तिघंच. मी, सुभाषराव आणि माझे सासरे, आबा. सासूबाई जाऊन चार वर्षं झाली होती. आबांशी माझं बोलणं म्हणजे "जेवायला वाढलंय" आणि "हो". त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर कधी खाली आला नाही. पाया पडण्यापलीकडे त्यांना माझा हात लागलेला नव्हता. सुभाषरावांना पेन शिकवताना मी मांडी हा शब्द उच्चारला, तसे आबा उठले आणि ओट्यावर जाऊन पाठ करून बसले. मी दर पंधरा दिवसांनी उजळणी घ्यायचे. दर वेळी आबा ओट्यावर, पाठ आमच्याकडे.

दिवाळीनंतरची गोष्ट. सुभाषराव नणंदेकडे दोंडाईच्याला गेले होते. शाळेला सुट्टी होती. दुपारी चारच्या सुमारास मी आतल्या खोलीत वाळलेले कपडे घड्या करत होते. झंपरच्या बाहीत हात घातला आणि दंडाला आग लागली. बाहीत गांधीलमाशी बसलेली होती. तिनं दोनदा दंश केला.

मला सगळं येत होतं. मीच सुभाषरावांना शिकवलं होतं. मी फडताळाकडे गेले, पेन काढलं. तेवढ्यात तळहात खाजू लागले होते, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. राखाडी टोपण काढलं. आणि पेन उलटं धरलं. लिहायचं पेन दाबतात तसा अंगठा काळ्या टोकावर ठेवला आणि दाबलं.

टक्क.

सुई माझ्या अंगठ्यात गेली. अंगठा बघता बघता खडूसारखा पांढरा पडला. मी त्याच्याकडे बघतच राहिले. माझ्या हातून हे झालं, हे मला पटतच नव्हतं. मग पाय गेले. मी फडताळाच्या अंगावर पडले, डबे खाली आले. हाक मारायला गेले तर घशातून नुसती शिट्टी निघाली. दुसरं पेन फळीवर होतं. हात तिथवर पोहोचत नव्हता.

किती वेळ गेला माहीत नाही. मग आबांचं धोतर दिसलं. त्यांच्या हातात दुसरं पेन होतं. मी मान हलवली, उलटं धरू नका असं मला सांगायचं होतं.

"मले म्हाईत हाये," आबा म्हणाले. "काळं टोक खाली. तू हालू नको."

ते गुडघ्यावर बसले. डाव्या हातानं माझा गुडघा जमिनीला दाबून धरला आणि लुगड्यावरूनच पेन मांडीत रुतवलं. मोठ्यानं मोजायला लागले. एक. दोन. तीन. शेतात पोती मोजतात त्या आवाजात. दहा म्हणून थांबले. सुई बाहेर काढली, ती जागा चोळली. मला आडवं केलं आणि शेजाऱ्यांना जीप आणायला ओरडले.

माझं काळीज छातीत धाड धाड उडत होतं, हातपाय कापत होते. ते औषधामुळे होतं, घाबरायचं नसतं. तीन-चार मिनिटांत घशातली शिट्टी कमी झाली. जीपच्या मागच्या बाकावर मला निजवलं. पाय वर ठेवायला काही नव्हतं, म्हणून आबांनी ते स्वतःच्या मांडीवर घेतले. ज्यांच्या पायांवर मी रोज डोकं टेकायचे त्यांच्या मांडीवर माझे पाय. मी ओढून घेऊ लागले.

"ऱ्हाऊ दे, पोरी," ते म्हणाले. पोरी हा शब्द त्यांनी माझ्यासाठी पहिल्यांदा वापरला.

दवाखान्यात सलाईन, पुढची औषधं. अंगठा कोमट पाण्यात बुडवून ठेवला, काही तासांनी रंग परत आला. डॉक्टरांनी सांगितलं, अंगठ्यात सुई जाणं ही नेहमीची चूक आहे, शिकलेली माणसंही करतात. आणि विचारलं, दुसरं पेन कुणी टोचलं? आबा बाहेर बाकावर बसले होते. आत आले नाहीत.

तिसऱ्या दिवशी डबा घेऊन आले. सुभाषराव औषधं आणायला गेले होते. आबा खिडकीकडे बघत बोलले.

"सूनबाई, एक सांगतो. डबे पडले तवा मी दारातच होतो. तू पडलेली मले दिसली. मी दोन-तीन मिनिटं तिथीच उभा राह्यलो. बाईमाणसाले हात कसा लावू, म्हणून. कोणी बाई येते का, ते रस्त्यावर पाहून आलो."

मला त्या खोलीतली फरशी आठवली, तोंडाला लागलेली गार. मला वाटत होतं, कुणी नाही. आणि माणूस दहा पावलांवर उभा होता. खरं सांगते, मला राग आला. मग त्यांचे हात दिसले. डब्याचं झाकण ते उघडत होते, पुन्हा लावत होते.

"तुम्हाला सगळं पाठ होतं, आबा," मी म्हणाले.

"पाठ होतं. तुहा आवाज ओट्यावर येये."

राग गेला असं नाही. पण अर्धी चूक माझी होती, हे मला तिथेच दिसलं. मी फडताळाच्या दारावर कागद चिकटवला, उजळण्या घेतल्या, आणि त्या माणसाला एकदाही म्हणाले नाही, की आबा, वेळ आली तर तुम्हालाच टोचावं लागेल, आणि मी आजच सांगते की माझी हरकत नाही. ते म्हणायला मी लाजले. ते ऐकायला ते लाजले. दोघांच्या लाजेत दोन-तीन मिनिटं गेली. या आजारात तेवढ्यात माणूस जातो.

आता जळगावचे डॉक्टर कधी कधी ॲलर्जीच्या माणसांना माझ्याकडे पाठवतात. परवा धुळ्याहून एक बाई आली, मधमाशी चावून मरता मरता वाचलेली. तिला पेन कसं धरायचं ते दाखवलं. मुठीत धरा, दोन्ही टोकांवर अंगठा नको. शंका असली तरी टोचा, वाट बघू नका. टोचल्यावर बरं वाटलं तरी दवाखान्यात जा. हे सगळं मी सांगतेच. पण त्याआधी मी तिला विचारलं, घरात कोण कोण असतं?

तिनं नावं सांगितली. सासू, दीर, सासरे, जाऊ.

"यांतलं तुम्हाला हात लावायला कोण लाजेल?"

तिनं बोटांवर नावं पुन्हा मोजली. मग म्हणाली, "दीर."

"मग आज घरी गेल्यावर पहिल्यांदा त्यांना शिकवा," मी म्हणाले. "समोर बसवून."