खाली वाढवलेली ओळ

दाजीबानपेठेत पाट्या रंगवणाऱ्या पेंटरला सगळे अण्णाच म्हणायचे. मजकूर मोठ्यानं दोनदा वाचल्याशिवाय तो ब्रश बुडवत नसे. राग आला की त्याचा आवाज उलट खाली जायचा.

एकदा मी कापडदुकानात बसलो होतो. तिथल्या जुन्या सेल्समननं समोरच स्वतःचं दुकान टाकलं होतं आणि गिऱ्हाईक तिकडं वळत होतं. मालकांनी अण्णाला दुकानाच्या बाहेरच्या भिंतीवर लिहायला सांगितलं, ‘आमच्या जुन्या सेल्समनशी कुणीही व्यवहार करू नये.’

अण्णानं वाचून विचारलं, "चोरी केली काय त्यानं?"

"नाही. पण लोकांना तसं वाटलं तर वाटू दे की."

माझं डोकं तापलं, तरी मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याचा राग मला अजून येतो.

अण्णानं सूचना पेठेत चालणाऱ्या दोन्ही भाषांत, कन्नडात आणि मराठीत, सुबक लिहिली. खाली एक ओळ वाढवली, ‘त्यानं चोरी केलेली नाही, असं मालक स्वतः सांगतात.’

"पेंटर, ते पूस आधी," मालक ओरडले.

"तुम्हीच बोललात की," अण्णा अगदी हळू म्हणाला. "खोटं असेल तर तुमच्या हातानं पुसा." त्यानं रॉकेलचा बोळा पुढं केला.

रस्त्यावर माणसं थांबून वाचत होती. त्यांच्यादेखत तेवढीच ओळ पुसायचा धीर मालकांना झाला नाही. त्यांनी अख्खी सूचना पुसली.