गुरुवारचा स्कॉटिश ढोल

मला एका सत्तरीच्या बाईचा मत्सर वाटत होता, हे आधीच सांगून टाकते. बाई मूळची स्कॉटलंडची. डच नवऱ्याबरोबर चाळीसेक वर्षांपूर्वी नेदरलँड्समध्ये आली आणि नवरा गेल्यावरही इथेच राहिली. उइटहॉर्नला आमच्या घरापासून सायकलवर दहा मिनिटांवर एका शाळेचा हॉल आहे. तिथे दर गुरुवारी संध्याकाळी स्कॉटिश मंडळाच्या बॅगपाइप बँडचा सराव चालतो, आणि ढोल ही बाई शिकवते. माझी तेरा वर्षांची मुलगी हॉकीहून परतताना एकदा तो आवाज ऐकून दारात थांबली. बाईने तिला आत बोलावलं, हातात काठ्या दिल्या, झालं. त्या दिवशी घरी जेवण गार झालं आणि माझं डोकं गरम.

मुलीला ढोल वाजवायचा होता हे मला माहीत नव्हतं असं नाही. खरा सल तोच आहे. अ‍ॅमस्टेलव्हीनला आमच्या मराठी मंडळाचं ढोल-ताशा पथक आहे, आणि मी त्या मंडळाची चिटणीस. तीन वर्षांपूर्वी गणपतीच्या मिरवणुकीला फेटे बांधून फोटो काढायला अर्धं जग लोटलं. सरावाला मात्र चिटपाखरू नसायचं. माझा संताप झाला. पुढच्या सभेत मी ठराव मांडला की पथकात यायचं असेल त्याने समितीपुढे पाच मिनिटं मराठीत बोलून दाखवावं. हौशे-गवशे आपोआप गळतील. टाळ्या पडल्या, ठराव पास झाला, मसुदा अर्थातच माझा.

त्या वर्षी नाव द्यायला पहिली आली ती माझीच मुलगी. टेबलामागे आम्ही तिघं. मी विचारलं, “तुला ढोल का वाजवायचाय?” तिला प्रश्न कळला, तिला सगळं कळतं. तिने इंग्रजीत उत्तर दिलं, आणि चांगलं दिलं. मी म्हटलं, मराठीत सांग. “मला... आवडतं,” एवढंच तिला जमलं. बाकीचे दोघे म्हणाले, जाऊ द्या हो, आपलीच पोर आहे. मी म्हटलं, नाही, चिटणिसाच्या मुलीला सूट दिली तर उद्या लोक माझ्या तोंडात शेण घालतील. आणि तिच्या नावापुढे मी माझ्या हाताने ‘पुढच्या वर्षी’ असं लिहिलं. चार दिवस मला त्याचा अभिमानसुद्धा वाटला. पुढच्या वर्षी तिने नाव दिलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही.

आणि आता ही स्कॉटिश बाई! तीन महिन्यांत मुलगी तिला नावाने हाक मारायला लागली. सत्तरीच्या बाईला! जेवणाच्या टेबलावर रबराचा तुकडा ठेवून टकटक सुरू असायची. आधी तोंडाने बोल म्हणायचे आणि मग काठीने वाजवायचे, असं बाईने शिकवलं होतं म्हणे. परकर-पोलकं घालायला सांगितलं की ‘टोचतं’ म्हणणारी माझी लेक लोकरीचा जाडजूड किल्ट घालून आरशापुढे गोल गोल फिरली, आणि त्याच्या चुण्या मोडू नयेत म्हणून पंधरा मिनिटं उभी राहिली. पण माझ्या नाकाला खरी मिरची झोंबली ती वेगळ्याच गोष्टीने. मी मराठीत बोलायचे, ती नेहमीसारखी इंग्रजीत उत्तर द्यायची, पण त्या इंग्रजीला आता त्या बाईचा हेल आला होता. तेरा वर्षं मी कानीकपाळी ओरडले तरी माझी भाषा जिभेवर बसली नाही, आणि त्या बाईची तीन महिन्यांत बसली. मला रडू आलं. रडू आवरून मी भांडी आपटली.

नवरा म्हणाला, “तुझाच नियम, तूच भोग.” त्याच्याशी मी दोन दिवस बोलले नाही.

मग मी मला जमतं ते केलं. त्या स्कॉटिश मंडळाचे नियम शोधून काढले आणि चहा घेऊन वाचायला बसले. खोट कुठे काढायची ते नियम लिहिणाऱ्याला बरोबर कळतं. सभासद कोण होऊ शकतो, तर ज्याचा जन्म स्कॉटलंडमध्ये झाला तो, ज्याचे पूर्वज तिथले तो, किंवा ज्याला स्कॉटलंडबद्दल आवड आहे तो. पहिली दोन कलमं वाचून मला बरं वाटत होतं, तिसऱ्याने सगळं धुऊन टाकलं. आवड! मला हसू आलं. असं कुठे मंडळ चालतं? पण पुढे एक ओळ सापडली. सोळा वर्षांखालच्या मुलाला सभासद व्हायचं तर घरातलं एक मोठं माणूस सभासद हवं. मुलगी आतापर्यंत पाहुणी म्हणून जात होती. मेमध्ये बँडचं संचलन होतं, त्यात वाजवायचं तर सभासद व्हायलाच हवं होतं.

ती फॉर्म घेऊन आली तेव्हा मी ती ओळ तिला दाखवली. म्हटलं, मी काही स्कॉटिश मंडळात जाणार नाही आणि बाबाला वेळ नाही. नियम म्हणजे नियम.

“यू लाइक रूल्स, आई,” ती म्हणाली. आरडाओरडा नाही, दार आपटणं नाही. काठ्या उचलून वर गेली. त्या आठवड्यात टेबलावर टकटक झाली नाही, आणि मी जिंकले होते तरी मला जेवण गोड लागेना.

मंगळवारी त्या बाईचा मेसेज आला, शनिवारी साडेदहाला आले तर चालेल का. साडेदहाच्या ठोक्याला तिने सायकल कुंपणाला टेकवली. उंचीला माझ्या खांद्याएवढी, केस अगदी बारीक कापलेले, बोटांची पेरं सुजलेली. मी चहा केला, आपला, आलं घालून. तिने तो पूर्ण प्यायला आणि आणखी मागितला. याचाही मला रागच आला, कारण नावं ठेवायला काही मिळेना.

मग तिने फॉर्म काढला. त्यांच्या समितीने बसून विचार केला होता. आईवडिलांची हरकत नसेल तर घरच्या माणसाच्या जागी जुना सभासद चालेल, असं ठरलं होतं. ती म्हणाली, “पूर्वी एक मुलगा हॉलमध्ये एकटाच बसून राहायचा, त्याला न्यायला कुणी यायचं नाही. म्हणून आम्ही तो नियम केला. पोराबरोबर आपलं कुणीतरी असावं म्हणून. तुम्ही फक्त इथे सही करा.”

कुणाला आत येऊ देऊ नये म्हणून नव्हे, तर आत आलेलं पोर एकटं पडू नये म्हणून केलेला नियम. मी तो हत्यारासारखा वापरला होता. लाज वाटली, नाही असं नाही. पण खरं सांगते, लाजेने काही झालं नसतं. मी फॉर्मकडे पाहिलं. ‘घरचं माणूस’ अशी जागा होती आणि तिथे त्या बाईने स्वतःचं नाव लिहिलेलं होतं. नीट, गोल अक्षरात, माझ्या मुलीच्या नावाखाली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

“हे खोडा,” मी म्हटलं. “सभासद मी होईन.”

बाई जराही दचकली नाही. तिने पिशवीतून कोरा फॉर्म काढला. मुलगी जिन्यातून खाली आली आणि माझ्या खुर्चीमागे उभी राहिली. मी नाव लिहिलं, पत्ता लिहिला, आणि शेवटच्या प्रश्नाशी अडले. स्कॉटलंडशी तुमचा संबंध काय? जन्म नाही, पूर्वज नाहीत, आणि आवड तर नाहीच नाही. खोटं लिहिणं माझ्या रक्तात नाही. मी लिहिलं, ‘माझी मुलगी तुमच्याकडे असते.’

बाईने ते वाचलं, मान हलवली आणि कागदाची घडी घातली. मग म्हणाली, “गुरुवारी साडेसातला. कप घरून आणा, तिथले पुरत नाहीत. आणि तुमच्या मापाच्या काठ्या मी बघून ठेवते.”

“काठ्या कशाला?” हे मी विचारलं नाही. हे मागून मुलीने विचारलं, त्याच हेलात. आई नुसती बसेल ना, बाकीच्या पालकांबरोबर? ती ढोल नाही ना वाजवणार?

“सभासद आहे, वाजवेल,” बाई म्हणाली, आणि टेबलापलीकडून माझ्या हातावर हात ठेवला. “मी शिकवेन हिला.”

मी वळून मुलीकडे पाहिलं. तिचे डोळे माझ्यावर नव्हते. माझ्या हातावरच्या त्या बाईच्या हातावर होते, आणि ओठ घट्ट मिटलेले होते. तो चेहरा मला नवा नव्हता. तीन महिने मी तोच घेऊन घरात वावरत होते.