सर्जावरचं ओलं पोतं

जगातले सगळे जीव म्हणजे थोड्याफार फरकानं गाईच आहेत, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या मावशीचा नवरा निघाला. काकांनी संगमनेरच्या बाजूला दूध संघात तीसेक वर्षं गोठे तपासण्यात घालवली. कागदावर ते पर्यवेक्षक होते, पण गावोगावचे लोक त्यांना डॉक्टरच म्हणत आणि काका ते खोडून काढायची घाई करत नसत. निवृत्त झाल्यावर गाई सुटल्या आणि नातेवाईक तावडीत सापडले. मला ताप आला की ते कपाळ सोडून आधी कान चाचपायचे, मग नाक बघायचे आणि आत मावशीला ओरडून सांगायचे, "नाक ओलं हाय, जनावराला काय झालं न्हाई!" माझ्या बहिणीला बघायला आलेल्या मुलाला त्यांनी अंगणात दोन फेऱ्या मारायला लावल्या आणि "उजवा पाय धरतंय" असा निकाल दिला. बिचाऱ्याचे बूट नवे होते. लग्न झालं, पण आमचे भाऊजी अजून काकांसमोर जपून चालतात.

त्यांचा सगळ्यात जास्त विश्वास शेणावर. "जनावर फसवंल, मालक फसवंल, शेन कधी फसवत न्हाई," हे त्यांचं ब्रीदवाक्य, आणि ते जेवायच्या ताटावरच आठवायचं. खोटं मात्र या माणसाला वर्ज्य. विम्यासाठी धडधाकट गाय आजारी म्हणून लिहून द्या, असा हट्ट धरून माझा सख्खा मामा एकदा त्यांच्या ओट्यावर दिवसभर बसला. काकांनी त्याला तीनदा चहा पाजला आणि रिकाम्या हातानं परत पाठवला. मावशी महिनाभर नवऱ्याशी फक्त भांड्यांच्या आवाजातून बोलत होती.

अशा माणसाच्या घरी सरडा आला. त्यांची एकुलती एक लेक नोकरीसाठी बंगळूरला गेली आणि जाताना आपला बीअर्डेड ड्रॅगन, म्हणजे हातभर लांब, गळ्याखाली काटेरी दाढी असलेला परदेशी सरडा, काचेच्या पेटीसकट वडिलांच्या हवाली करून गेली. तिनं नाव ठेवलं होतं ब्रूनो. काकांनी आठवड्यात त्याचा सर्जा केला. मावशी त्याला "तुमचं ते ध्यान" म्हणायची. पण एक झालं. एरवी बापलेकीचं फोनवरचं बोलणं "बरी हायेस ना?" आणि "हो अण्णा" एवढ्यात आटपायचं, ते आता रोज अर्धा तास रंगू लागलं. सर्जानं किती अळ्या खाल्ल्या, कोथिंबीर कशी थुंकली, सगळं सविस्तर.

मग एप्रिल आला. संकरित गाईला उन्हाळा सोसत नाही, तिच्या अंगावर ओलं पोतं टाकतात, हे काकांच्या रक्तातलं ज्ञान. "आपली काहिली हुतीय, अन् याच्या डोक्यावर बल्ब!" म्हणत त्यांनी पेटीतला दिवा बंद केला, काचेवर ओलं पोतं टाकलं आणि कूलर तिकडे वळवला. लेकीनं लिहून ठेवलेला 'दिवा दिवसभर हवा' हा कागद त्यांनी पोरीचा अननुभव म्हणून बाजूला सारला. चौथ्या दिवशी सर्जाची दाढी काळी पडली, तो अळीकडे बघेना, डोळे मिटून पडून राहिला. मला फोन आला. "शेन बंद हाय रं चार दिवस," काका म्हणाले, आणि त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी दुसऱ्या डॉक्टरला विचारलं. पुण्याची ती तरुण डॉक्टरीण फोनवर एवढंच म्हणाली, "काका, दिवा चालू आहे ना?" काकांनी पोत्याचं सांगून टाकलं. "तो वाळवंटातला प्राणी आहे. उबेशिवाय त्याला पचतच नाही. आधी ऊब द्या आणि लगेच घेऊन या."

पुण्याच्या वाटेवरचा चंदनापुरीचा घाट मी भर उन्हात, काचा वर करून, एसी बंद ठेवून पार केला. शेजारी काका घोंगडीत सर्जा आणि गरम पाण्याची पिशवी कवटाळून बसलेले. घामाच्या धारा लागल्या तरी काच खाली करू देईनात. "माज्या हातनं गेला तर पोरीला काय सांगू? पोतं टाकून मारला म्हनू?" म्हणाले आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. मलाही पुढचा रस्ता नीट दिसेना.

डॉक्टरणीनं तपासून त्याला कोमट पाण्याच्या टबात सोडलं, काकांना पोट हलके चोळायला सांगितलं. पंधरा मिनिटांनी सर्जानं काकांच्या तळहातावरच कार्यक्रम उरकला. "केलं! केलं!" काका असे ओरडले की बाहेर आपापल्या पिंजऱ्यात बसलेली मांजरं उलटीपालटी झाली. तो हात धुवायची आठवण मला त्यांना करून द्यावी लागली.

दिवाळीआधी लेकीचा फोन आला तेव्हा मी तिथंच होतो. ब्रूनोला बंगळूरला घेऊन जाते म्हणाली. सर्जा काकांच्या खांद्यावर बसून दहावी अळी गिळत होता. काका म्हणाले, "अजून अशक्त हाय गं. मान टाकून पडतो. परवास झेपायचा न्हाई." मावशी स्वयंपाकघरातून पळी घेऊन बाहेर आली. ओट्यावर दिवसभर बसलेला मामा तिला आठवला असणार.

तिकडून लेक म्हणाली, "अण्णा, शेण कसं आहे?"

काकांनी सर्जाकडे पाहिलं. "शेन… बरं हाय."

"बरं," ती म्हणाली, आणि हसू दाबल्याचं इथवर ऐकू आलं. "मग राहू दे त्याला तिथंच. मीच येत जाईन दर महिन्याला बघायला."

काकांनी फोन ठेवला आणि बाहीनं तोंड पुसलं. मावशीनं जवळ जाऊन त्यांचा चेहरा नीट न्याहाळला.

"नाक ओलं हाय," ती म्हणाली, "जनावराला काय झालं न्हाई." आणि पळी घेऊन आत गेली.