फळ्यावरचं कात्रण
नाताळच्या चांदणीसाठी मैद्याची खळ शिजायला लागली, की त्या वासानं मला जालन्यातल्या आमच्या चर्चचा तो जुना फळा आठवतो. पेपरात आपल्या ख्रिस्ती लोकांचं कौतुक आलं, की आई ते कात्रण खळीनं त्यावर डकवायची. एका रविवारी तिनं परराज्यातल्या एका फादरवर मुलींच्या लैंगिक छळाचा आरोप झाल्याची बातमी डकवली. मावशी म्हणाली, "काढ ते जल्दी, लोक काय म्हणतील?" आई म्हणाली, "कौतुक तेवढं आपलं, मंग हे कुणाचं? पोरींनी तोंड उघडलंय, मी न्हाई झाकणार." तेवढ्यात आमच्या चर्चचे फादर आले. त्यांनी बातमी शेवटपर्यंत वाचली आणि सुटलेला कोपरा अंगठ्यानं दाबून पक्का केला. आज माझी लेक त्याच चर्चमध्ये धर्मशिक्षणाला जाते आणि घरी येऊन मला सगळं सांगते.