गवताच्या मशीनचं हाड

सरोजिनी नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टरपुढे चार खाटा मावतील एवढं लॉन आहे. सातारा सोडून सासरे आमच्याकडे राहायला आले, तेव्हा त्यांना दिवस खायला उठायचा. मग जिन्याखाली आधीच्या बिऱ्हाडाने टाकून दिलेली, ढकलून चालवायची गवतकापणीची मशीन त्यांना सापडली आणि ते इथे रमले.

एका रविवारी गवत घोट्यापर्यंत आलेलं आणि बाबा मात्र पेपरमागे.

"बाबा, आज मशीन नाही?"

"गवताला जरा विश्रांती."

मशीन गोणपाटाखाली होती. पात्यांचा दांडा जिच्यात बसतो, ती बाजूची जाड पट्टी तडकलेली.

"वीट लागली," ते म्हणाले, आणि मग हळूच, "दिसलीच नाही गं."

'नवी आणू' हे शब्द मी गिळले.

मार्केटमधल्या वेल्डरने पट्टी पाच मिनिटांत जोडली. आम्ही दुकानाची पायरी उतरतोय तोच टक्‌ आवाज आला. जोडाच्या शेजारीच नवी चीर.

"ये बीड़ है, मैडम, ढला हुआ लोहा," तो ओशाळला. "मेरे बस का नहीं. गाज़ियाबाद में एक उस्ताद हैं, उनको दिखाओ."

शनिवारी मेट्रोने निघालो. तपासणीच्या यंत्रात पट्टीची पिशवी अडली. "ये क्या है?" जवानाने विचारलं. बाबा ताठ उभे राहून म्हणाले, "घास कापने के मशीन का हाड है. मोड गया." जवानाला हसू आवरेना. त्याने पिशवी स्वतः उचलून दिली.

उस्ताद बाबांच्याच वयाचे निघाले. चीर पुढे पळू नये म्हणून त्यांनी तिच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडली, कोळशाच्या भट्टीत अख्खी पट्टी लाल होईतो तापवली, चिरेत पितळ वितळवून भरलं आणि पट्टी गरम राखेत पुरून टाकली.

"अब चार घंटे छूना मत. जल्दी ठंडा हुआ, तो फिर फटेगा."

ते चार तास दोघं एका बाकावर बसून छोले-कुलचे खात बोलत होते. बाबांची निम्मी हिंदी मराठीच होती, पण उस्तादांचं काही अडलं नाही. मला मध्ये एकही शब्द घालावा लागला नाही.

रविवारी सकाळी बाबांनी पट्टी बसवली, पात्यांत पेपरची कडा धरली आणि चाक फिरवलं. कागद सर्रकन कापला गेला. "बघ!" ते ओरडले. ते गवत कापू लागले, तशी मी मशीनपुढे चालत खडे, विटांचे तुकडे वेचत होते. त्यांनी नको म्हटलं नाही.

वरच्या मजल्यावरच्या भाभी गॅलरीतून म्हणाल्या, "अंकलजी, हमारे पीछे वाली घास के लिए मशीन मिलेगी?"

"मिलेगी," बाबा म्हणाले, "लेकिन चलाऊंगा मैं."