थाळी आणि दोरा

आमच्या शाळेच्या कपाटात थाळीफेकीच्या दोन थाळ्या होत्या. एक जुनी, लाकूड काळं पडलेली. दुसरी नवी, काठाला जाड लोखंडी कडं असलेली. मी अर्थातच नवी उचलली. हातातून सुटली की ती हवेत लडबडायची आणि जवळच धप्पकन पडायची. मी थाळीला नावं ठेवली, तेव्हा व्यायामाचे सर म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं! काठाला जड थाळी लांब जाती, पण तिला गिरकीचा जोर लागतोय. तुझ्यात त्यो अजून न्हाय. जुनी घे."

राग आला, पण जुनी घेतली. ती जरा तरी सरळ जाऊ लागली. मग सर माझ्या हाताच्या मागे लागले. "नुसत्या हातानं काय फेकतीस? आधी कंबर वळू दे, छाती उघडू दे. हात मागनं आपसूक येतोय की."

छाती उघडणंच मला जमेना. भवानी पेठेतल्या मुलीला खांदे आत ओढून चालायला शिकवलेलं. त्यात आम्ही लिंगायत, गळ्यात इष्टलिंग. आमच्या घरात ते अंगावरून उतरवायचं नाही, आणि अंगावर नसेल तर पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. गिरकी घेतली की त्याची चांदीची डबी उसळून हनुवटीवर आदळायची.

तरी मी सोडलं नाही, कारण वडिलांनी शब्द दिला होता. जिल्ह्यात पहिली आलीस तर व्यायामशिक्षिकेचं शिक्षण घ्यायला पाठवीन, नाहीतर टेंभुर्णीचं स्थळ. त्यांचं किराणा दुकान होतं आणि बोलणंही तोलूनमापूनच असायचं.

स्पर्धेच्या सकाळी, परक्या माणसांत लिंग बाहेर येऊ नये म्हणून आईने दोरा काखेतून घेऊन आवळून बांधला. "आता हलायचं न्हाय," ती म्हणाली.

दुष्काळाचं वर्ष होतं, मैदानावर गवताची काडी नव्हती. सुरुवातीच्या फेकी बेताच्या गेल्या. शेवटच्या फेकीला कसं कोण जाणे, सगळं जुळलं. कंबर पुढे गेली, छाती उघडली, थाळी तर्जनीवरून सुटली आणि सपाट, न डुगडुगता निघाली. त्याच क्षणी काखेतला दोरा तटकन तुटला. डबी पुढे उडाली. मी थाळीकडे पाहिलंच नाही. वर्तुळाच्या पुढच्या कडेवरून धावत सुटले, मातीत गुडघे टेकले, डबी उचलली आणि कपाळाला लावली.

मागे पंचाने लाल निशाण वर केलं होतं. फेक झाल्यावर वर्तुळाच्या मागच्या बाजूनेच बाहेर यायचं, हा नियम मला पाठ होता. थाळी सगळ्या मुलींच्या खुणांपलीकडे पडली होती, पण फेक बाद. हातातोंडाशी आलेला घास गेला.

घरी वडिलांनी विचारलं, "पैला आला का नंबर?"

नाही म्हणाले आणि घडलं ते सांगितलं.

"लिंग घावलं न्हवं? मग झालं की," एवढं बोलून ते दुकानात गेले. त्यांनी शब्द मोडला नव्हता, मग भांडायचं कुणाशी? मी मोरीत जाऊन रडले.

आईने सुताचा चौपदरी दोरा वळला. गळ्यात घालताना ओढून ओढून पाहिला. "आता कितीबी गिरक्या घे," ती माझी समजूत घालत म्हणाली, "तुटायचा न्हाय."

तुटला नाही. टेंभुर्णीच्या घरात तो वर्षानुवर्षं टिकला. त्याच्यावर ताण पडावा असं मी तिथे काही केलंच नाही.