सिस्टरचा काचेचा पेला

सिस्टरचा अंड्यांवर विश्वास नव्हता. प्रत्येक अंडं वेगळं काचेच्या पेल्यात फोडायचं, उजेडाकडे धरायचं आणि रक्ताचा ठिपका दिसला की टाकून द्यायचं. "आमच्यात रक्त चालत नाही रे," त्या म्हणत. आणि म्हणे नर्स, जन्मभर दवाखान्यात लोकांना सुया टोचत आलेल्या बाई.

सिस्टर बेने इस्राएल, म्हणजे आपल्याकडच्या मराठी ज्यू. नोकरीसाठी जव्हारला आल्या आणि आमच्या आळीतल्याच झाल्या. त्यांचा पुरीम सण होळीच्या आसपास, पुनवेलाच येतो. त्या दिवशी खजूर-खोबऱ्याचं सारण भरून तिकोनी बिस्किटं भाजायची आणि घरोघर ताटं पाठवायची. खाली वाळूचं पातेलं, वर निखारे, आणि हरकाम्या मी. बँकेत मला लोक साहेब म्हणतात. सिस्टर म्हणत, "बाळ्या, पळ."

कारण त्यांना गावठीच अंडी लागत, आणि ठिपके निघत तेही गावठीतच. पोल्ट्रीची आणू का विचारलं, तर म्हणत, "त्यापेक्षा पाणी घाल." जवळच्या साखरशेत गावची अंडीवाली मला बघूनच हसायची. "अंडा हाय का नवरा, येवढा पारखाला?"

माझी आई पुनवेला अंडं खात नाही. ती ताट झाकून ठेवायची. सिस्टरना ते ठाऊक होतं. "शिळी जास्त खुसखुशीत लागतात," असं त्या निरोपात आवर्जून सांगत.

गेल्या वर्षी त्यांचा मुलगा त्यांना कायमचं इस्राएलला न्यायला येणार होता. आळीत ताटं जाण्याची ती शेवटची खेप. मोतीबिंदूनं नजर गेलेली. पेला त्यांनी माझ्या हातात दिला.

"तू बघ. तू म्हणशील ते."

इतकी वर्षं मी "अहो, ती सावली आहे" म्हणून हुज्जत घालत आलो होतो. आता घालणार कुणाशी? शेवटच्या अंड्यात ठिपका होता. खसखशीएवढा.

"काय रे?"

"आहे."

"मोठा?"

"ठिपका म्हणजे ठिपका, सिस्टर," मी खेकसलो आणि स्कूटर काढली. होळीमुळे बाजार बंद, म्हणून थेट साखरशेत गाठलं.

"सिस्टरला तं दिसत नाय ना आता? मंग तिला कोनी सांगला?" अंडीवालीनं विचारलं.

"मीच."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि पिशवीत चार अंडी ठेवली. "ने. येकाचा भरवसा नको."

ताटं दिवेलागणीला निघाली, पण सगळ्या घरी पोचली.

आठवड्यानं सिस्टर निघाल्या. गाडीत बसल्यावर काच खाली करून म्हणाल्या, "बाळ्या, उगाच चिडचिड करू नकोस. बीपी वाढतं."

मी चिडलोच. दुसरं काही सुचेना.